पांढऱ्या बैलावरचा यम

माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जन्मात कधी कागदावर चित्र काढलं नाही. कागदाशी त्यांचं वाकडंच होतं. कागद म्हणजे कचेरी, कचेरी म्हणजे उर्दू, आणि उर्दूतला कागद घरात आला की घरातलं काहीतरी बाहेर जाणार, एवढाच त्यांचा अनुभव. ते चित्रं काढायचे बैलावर, तेही वर्षातून एकदा, पोळ्याला. ती बघायला शेजारच्या पाच-सहा गावांतली माणसं आमच्या चारठाण्याला यायची, असं मी सांगितलं की आमच्या घरातली पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडी. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एखाद्या पुढाऱ्याचं नाक लांब काढलं की त्यांना व्यंगचित्र वाटतं. आमच्याकडे व्यंगचित्र चार पायांवर चालत वेशीत यायचं आणि मध्येच शेणही टाकायचं.

काळ निजामाच्या राज्याचा. तिकडे मोठी लढाई चालू होती आणि इकडे रॉकेलपासून सुईपर्यंत सगळ्याची टंचाई. वर्तमानपत्र गावात आलं तर कुणाच्या तरी धोतराच्या घडीत लपून यायचं. सरकारविरुद्ध चार शब्द बोलायचे तर आधी मागे वळून बघावं लागे. पण आमच्या गावात एक रीत होती. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती आणि कुणी मोडलेलीही पाहिली नव्हती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर जे असेल त्याचा राग धरायचा नाही, आणि बैल एकदा सजला की दुसऱ्या दिवशीच्या करीपर्यंत त्याच्या अंगाला पाणी लावायचं नाही. इतर लोक या दिवशी बैलाला ठिपके द्यायचे, हाताचे पंजे उठवायचे, फार तर मोर काढायचे. आप्पांनी या रितीचं सोनं केलं. सरकारनं सक्तीनं धान्याची लेव्ही घेतली त्या साली त्यांनी पोत्याएवढा उंदीर काढला आणि त्याच्या कमरेला सरकारी पट्टा बांधला. एका साली जमीन मोजणाऱ्याला त्याच्याच साखळीत गुंडाळून टाकलं. ज्याचं चित्र असेल तो माणूस त्या दिवशी दात काढून हसायचा. दुसरं करणार काय?

आमची एकच जोडी होती, एक बैल पांढरा आणि एक तांबडा. चित्र पांढऱ्यावर. काव, चुना, हळद, नीळ आणि काजळी एवढेच रंग. त्यात बाभळीचा डिंक घालायचे आणि शिंदीची काडी चावून तिचा कुंचा करायचे. त्यांची खुबी अशी की बैल श्वास घेतो, कातडी थरथरवतो, मांडी हलवतो, हे सगळं धरून ते चित्र बेतायचे. उंदराच्या साली उंदराचं पोट बैलाच्या पोटावर आलं होतं, त्यामुळे तो उंदीर गावभर धापा टाकत हिंडला. हे शिकवलं कुणी असं विचारलं तर म्हणायचे, बैलानंच.

माझ्या आईला, अव्वाला, हे बिलकूल पटायचं नाही. आम्ही शिवाचे भक्त. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि नंदी म्हणजे घरचं दैवत. त्याच्या अंगावर उंदीर काय, जमीनमोजे काय! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून ती म्हणायची, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आणि पुढे हळूच, ह्यांनी काय बी काढलं तर पोटात घाला, असं जोडायची. चाळीस वर्षं संसार केला, पण हे जोडायचं तिनं एकदाही सोडलं नाही.

त्या साली मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. लेक झाली होती आणि पोळ्याच्या वेळी ती तीन महिन्यांची होती. माझे मालक परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. त्यांचं पत्र आलं होतं, पोळा झाला की तिसऱ्या दिवशी मोटारीनं या, सोबत आईला आणा. मला भाऊबहीण नाही. म्हणजे त्या मोटारीत बसणार कोण, तर आप्पांची बायको, आप्पांची लेक आणि आप्पांची नात. त्यांच्या घरात जेवढी माणसं होती तेवढी सगळी.

येताना मी उन्हाळ्यात बैलगाडीनं आले होते. पण श्रावणात आमच्याकडची काळी माती गाडीचं चाक आसापर्यंत गिळते, परभणी गाठायला तीन दिवस लागले असते, आणि वर तान्हं बाळ. मोटारीला पर्याय नव्हता. आणि ती मोटार कशी होती हे चारठाण्यात आप्पांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आमचं शेत ओढ्याच्या उताराला लागून होतं. तिचे रोजचे प्रताप ते औत धरल्याधरल्या बघायचे.

पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटार कोळशावर चालायची. मागच्या अंगाला लोखंडाची उंच भट्टी बसवलेली. सकाळी तासभर तिला हातानं पंखा फिरवून पेटवायचं, मग तिचा धूर पोटात घेऊन मोटार खोकत निघायची. बायकांची जागा सगळ्यात मागे, म्हणजे थेट भट्टीला पाठ लावून. ठिणगी उडून लुगडं जळालं तर बाई मुकाट्यानं चिमटीत विझवायची. चौदा माणसांच्या जागेत तीस बसायची, टपावर बकऱ्या आणि गाठोडी. मोटारीचा ठेकेदार जिंतूरला राहायचा. गलेलठ्ठ, झुपकेदार मिशांचा माणूस. तो स्वतः मात्र आपल्या मोटारीत कधी बसलेला कुणी पाहिला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक. ओढ्यावर पूल नव्हता, खाली नुसती दगडी फरशी. दोन्ही बाजूंनी घसरता उतार. माथ्यावर आलं की ड्रायव्हर मोटार थांबवायचा, पुरुषांना उतरवायचा आणि मागे दोर बांधून त्यांना धरायला लावायचा. तीस रुपड्यांची नोकरी नसेल त्या बिचाऱ्याची, पण जीव मुठीत धरून चालवायचा. आप्पांनी एकदा त्याला विचारलं, ब्रेक हाय का न्हाई? तो म्हणाला, हाय, पन लागत न्हाई. बायका मात्र आत बसून राहायच्या. चिखलात उतरायचं कसं, आणि परक्या पुरुषांसमोर दोर ओढायचा कसा?

वैशाखात तो दोर तुटला. मोटार उतारावरून सुटली आणि खाली पखालवाल्याचा रेडा पाण्याची पखाल पाठीवर घेऊन फरशीवर उभा होता, त्याला धडकून थांबली. रेडा जागच्या जागी गेला. आत बसलेल्या एका म्हातारीचा हात मोडला. रेडा नसता तर मोटार ओढ्यात गेली असती, यात कुणाला शंका नव्हती. आप्पांनी औत सोडून धाव घेतली आणि म्हातारीला बाहेर काढलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मग त्यांनी आपला सगळ्यात नावडता उद्योग केला. कागद केला. आमच्या गावच्या शाळेत उर्दू शिकवायला एक मौलवीसाहेब होते. आप्पांचं आणि त्यांचं मैत्र मोठं. संध्याकाळी दोघं शाळेच्या ओट्यावर बसायचे, एक मराठीत बोलायचा, दुसरा दखनीत, आणि दोघांनाही आपण एकच भाषा बोलतोय असं वाटायचं. मौलवीसाहेबांनी तहसीलदारांच्या नावानं सुबक अक्षरात अर्जी लिहून दिली. ब्रेक दुरुस्त करावा, बायकांच्या आणि भट्टीच्या मध्ये पत्रा लावावा, एवढीच मागणी. महिन्यानं दुसरी अर्जी दिली. त्यावर कचेरीनं काय करावं? ड्रायव्हरला बोलावून दंड केला. ठेकेदाराला कुणी ‘का रे’ केलं नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय. आणि यात नवल नव्हतं, कारण तहसीलदारसाहेब दौऱ्यावर निघाले की त्याच मोटारीत ड्रायव्हरशेजारी गादी टाकून फुकट बसायचे. पुढच्या गादीवर भट्टीची धग पोचत नाही.

आता ते चित्र कसं सुचलं ते सांगते. आप्पा मानवतच्या बाजारातून हळकुंडं घेऊन आले होते. ती ज्या कागदात बांधली होती तो कुठल्यातरी जुन्या विलायती पुस्तकाचं पान होता. त्यावर एक चित्र होतं. रेलचं इंजिन धूर सोडत चाललंय, मागे उघड्या डब्यांत माणसं खच्चून भरलीत, आणि इंजिनावर एक हाडांचा सापळा मांडी घालून बसलाय. आप्पांनी ते पान उलटसुलट करून बघितलं आणि हळहळले. दुष्काळातलं माणूस हाय बिचारं, म्हणाले. तिकिटाला पैसा नसल, म्हणून इंजिनावर बसलं.

अव्वानंही मान डोलावली. मलाही ते खरं वाटलं. आमच्या आज्यानं सांगितलेल्या दुष्काळातली माणसं अशीच दिसायची म्हणे. संध्याकाळी मौलवीसाहेबांनी ते पान पाहिलं तेव्हा हसून हसून त्यांचा ठसका थांबेना. थोडंफार इंग्रजी येत होतं त्यांना. त्यांनी सांगितलं की हा दुष्काळातला माणूस नाही, ही मौत आहे. विलायतेत रेल नवी नवी होती तेव्हा गरिबांना असंच उघड्या डब्यात भरायचे, डबे घसरायचे, पेटायचे, माणसं मरायची आणि मालक लोक कानावर हात ठेवायचे. मग तिथल्या अखबारवाल्यांनी इंजिनावर मौत बसवून चित्रं काढली. वजीर लोकांच्या घरी चहाबरोबर ती चित्रं जाऊ लागली.

आप्पांनी विचारलं, मग पुढं काय झालं? डब्यांना छत आलं, दारं आली, मौलवीसाहेब म्हणाले, पण लगेच नाही, पुष्कळ माणसं मेल्यावर. आप्पांनी ते पान गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केलं. मग म्हणाले, "पन हे आपल्याकडं कुनाला कळायचं न्हाई. आपल्याकडं मरन आसं उपाशी नसतंय. आपला यम खाऊनपिऊन तगडा हाय." पानाची घडी करत पुन्हा म्हणाले, "अन् त्याचा रेडा तर मोटारीखाली मेला. मग आता तो हिंडायचा कशात?"

मौलवीसाहेबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की असं काही करू नको, त्या मोटारीत पुढच्या गादीवर कोण बसतं ठाऊक आहे ना, हा उंदीर नाही, हा तहसीलदार आहे. पण आप्पांच्या डोक्यात एकदा चित्र शिरलं की ते बैलावर उतरल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

अव्वाला कुणकुण लागली तेव्हा घरात दोन दिवस चूल रुसल्यासारखी होती. नंदीच्या अंगावर यम काढणार म्हणजे अति झालं, असं तिचं म्हणणं. आप्पांनी उलट विचारलं, यमाला लाथ कुणी घातली होती? महादेवानंच ना? मग महादेवाच्या बैलानं त्याला थोडं हिंडवलं तर कुठं बिघडलं! वादात त्यांना कुणी हरवलेलं मी पाहिलं नाही, आणि वादात हरल्यावर अव्वानं आपलं मत बदललेलंही पाहिलं नाही.

पोळ्याच्या सकाळी त्यांनी मला ओट्यावर येऊ दिलं नाही. लेकराला उन्हाची तिरीप लागंल, आत बस, म्हणाले. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, आई झाले तरी अक्कल पोरीचीच. मला वाटलं, खरंच माझ्या लेकीची काळजी. काळजीच होती म्हणा, पण उन्हाची नव्हती.

दुपारनंतर बैल वेशीत जमले. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, पाटलाची मानाची जोडी पुढे, मागे ओळीनं सगळ्या जोड्या. बाया देवळाच्या पायऱ्यांवर उभ्या. मी लेकीला घेऊन त्यांच्यात होते. तिच्या डोक्याला अव्वानं शिवलेली कुंची होती, अर्धी पिवळी, अर्धी तांबडी, कारण एका रंगाचं कापडच मिळालं नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तेवढ्यात सडकेवरून मोटारीचं खोकणं ऐकू आलं.

पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखालून गेल्याशिवाय वेशीतून कुठलंही चाक जायचं नाही. पाटलानं हात वर केला. मोटार थांबली, भट्टीचा धूर बैलांच्या शिंगांवरून गेला. पुढच्या गादीवर तहसीलदारसाहेब, त्यांच्याबरोबर पोलिसांचे अमीनसाहेब. दोघं खाली उतरून बघत उभे राहिले. तहसीलदार हैदराबादचे, यंदाच तालुक्यात आलेले. पोळा त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता. लाल रुमी टोपी, तिला काळा गोंडा, कडक इस्तरीची शेरवानी. कौतुकानं बघत होते.

जोड्या एकेक करून गेल्या आणि आमची जोडी आली. आधी शिट्ट्या ऐकू आल्या, मग लोक पुढे सरकून बघू लागले. पांढऱ्याच्या डाव्या कुशीवर पुढच्या पायापासून मांडीपर्यंत मोटार होती. मागचं चाक बरोबर मांडीवर काढलेलं, त्यामुळे बैल चालला की ते फिरल्यासारखं वाटे. माशी बसली की कातडी थरथरे आणि सगळी मोटार दणके खाई. चालवायला बसला होता यम. निळा, जाडजूड, मिशावाला, डोक्यावर मुकुट. मोटारीच्या चाकाखाली चार पाय वर केलेला रेडा. यमाच्या शेजारी गादीवर लाल टोपीचा, काळ्या गोंड्याचा माणूस, आणि यम त्याला हसत हसत विडा देतोय.

कुणी हसलं नाही. सगळे तहसीलदारांकडे बघत होते. साहेब दोन पावलं पुढे आले, चित्र नीट न्याहाळलं, स्वतःच्या टोपीला हात लावला आणि चक्क हसले. मौलवीसाहेबांकडे वळून म्हणाले, "ठेकेदार तो खूब बनाया. लेकिन इसके सर पे ताज काहे का?"

त्यांना तो निळा माणूस ठेकेदार वाटला होता. जाड, मिशावाला, मोटार चालवणारा. त्यांचंही चुकलं नाही, आमचा दुष्काळातला माणूस तरी कुठं बरोबर होता? ठेकेदाराची थट्टा केली म्हणून साहेब खूश झाले होते आणि आपल्याला विडा मिळतोय यात त्यांना वावगं दिसलं नाही. मौलवीसाहेब खाली बघत होते. आप्पा बैलाची वेसण धरून उभे. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. हसून प्रसंग मिटला असता, साहेब पुन्हा गादीवर बसले असते आणि तिसऱ्या दिवशी मी त्याच मोटारीत भट्टीला पाठ लावली असती.

पण माझी नजर तोपर्यंत चित्राच्या मागच्या भागावर गेली होती. भट्टीजवळ कावेच्या ज्वाळा होत्या, आणि त्या ज्वाळांना टेकून एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर मूल. मुलाच्या डोक्याला कुंची, अर्धी पिवळी, अर्धी तांबडी.

तोपर्यंत मोटार मला, दोर तुटल्याचं माहीत असूनही, नुसती गैरसोयीची वाटत होती. आप्पांच्या मनात रोज काय चाललं असेल ते मला त्या क्षणी कळलं, आणि मला त्यांचा रागही आला, भीतीही वाटली आणि रडूही आलं. मी पायऱ्या उतरून पुढे कधी गेले ते मला आठवत नाही. डोईवरचा पदर घट्ट धरला होता एवढं आठवतं. तहसीलदारासमोर बाईनं तोंड उघडायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी म्हणाले, "ते ठेकेदार न्हाईत, साहेब. यम हाय ते. अन् मागं भट्टीपाशी बसलेली मी हाय. परवा ह्याच मोटारीत बसायचंय मला, हिला घिऊन."

साहेबांना यम कळला नाही. त्यांनी मौलवीसाहेबांकडे पाहिलं. मौलवीसाहेब हळू आवाजात म्हणाले, "मलकुलमौत, हुजूर."

मरणाचा फरिश्ता, एवढा अर्थ मलाही कळत होता. साहेब पुन्हा चित्राकडे वळले. आधी निळ्या माणसाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या विड्याकडे, मग लाल टोपीकडे. मग माझ्या लेकीच्या कुंचीकडे बघितलं आणि तीच कुंची बैलावर शोधून काढली. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

अमीनसाहेब तेवढ्यात पुढे झाले आणि ओरडून म्हणाले की पाणी आणा, हे आत्ताच्या आत्ता पुसा. आप्पांनी मान हलवली. करीपर्यंत पाणी लावता येत नाही, म्हणाले. पाटलानंही तेच सांगितलं. मागच्या जोड्यांचे धनी सरकून आमच्या बैलाच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. अमीनांनी साहेबांकडे पाहिलं, साहेब अजून ती कुंचीच बघत होते.

आणि मग गर्दीतून अव्वा आली. तिनं चित्र पाहिलं, कुंची पाहिली आणि तोंडावर हात मारून घेतला. "पोटच्या लेकीला यमाच्या गाडीत बशिवलं?" एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

आप्पांनी चित्राकडे पाहिलं. सकाळी त्यांनी ते रागानं काढलं होतं, आता बहुतेक पहिल्यांदा बघत होते. त्यांनी वेसण माझ्या हातात दिली, फेट्याचा शेमला सोडला, त्यावर थुंकले आणि ती बाई आणि ते मूल घासायला लागले. डिंकाचा रंग निघता निघेना. पांढरा अंग काढून घेत होता. आप्पा त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत घासतच राहिले. यमाला हात लावला नाही, साहेबांना लावला नाही, फक्त आम्हा दोघींना पुसलं. अमीनानं सांगून जी रीत मोडली नव्हती ती त्यांनी स्वतः मोडली आणि गावात कुणी त्यांना बोल लावला नाही.

तहसीलदार त्या संध्याकाळी पुन्हा मोटारीत बसले नाहीत. बैलगाडी मागितली. पण पोळ्याच्या दिवशी खुद्द निजाम आले असते तरी कुणी बैल जुंपला नसता. मग साहेब मौलवीसाहेबांकडे मुक्कामाला राहिले. अव्वानं त्यांना पुरणपोळी पाठवली. आप्पांवर तिचा राग धगधगत होता, पण सणाच्या दिवशी गावात माणूस उपाशी ठेवायचा नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी साहेब चालत ओढ्यापर्यंत गेले, ड्रायव्हरकडून सगळं समजून घेतलं आणि नवा ब्रेक बसेपर्यंत मोटार वेशीतच उभी ठेवायचा हुकूम दिला. सगळं गोडगोड झालं असं मात्र समजू नका. अमीनसाहेबांनी आप्पांना चावडीवर बोलावून दिवसभर उकिडवं बसवलं आणि पुढच्या पोळ्याला बैल साधा रंगवायचा असा अंगठा घेतला. आप्पा घरी आले तेव्हा त्यांना गुडघे सरळ करता येत नव्हते.

मोटार पंधरा दिवस उभी होती. भट्टीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मालकांची दोन पत्रं आली, दुसरं जरा तिखट. ठेकेदारानं आदळआपट केली, पण हुकूम होता, शेवटी जिंतूरहून मिस्त्री आला, कुठून तरी सामान मिळवून ब्रेक बसला, भट्टीपुढे पत्रा लागला. ड्रायव्हर स्वतः आमच्या घरी सांगायला आला की उद्या निघायचं.

सकाळी आप्पा बैलगाडीत आमचं सामान घालून उतारावर आले. मोटार माथ्यावर उभी होती. आप्पांनी आम्हाला चढू दिलं नाही. त्यांनी ओढ्यातली वाळू भरून पोती आणवली आणि मोटारीत रचायला लावली, माणसांच्या वजनाइतकी. ड्रायव्हर म्हणाला, काका, ब्रेक नवा हाय. आप्पा म्हणाले, आसंल. मग ते स्वतः चढले. आप्पा आयुष्यात कधी मोटारीत बसले नव्हते. ड्रायव्हरनं शेजारची गादी झटकली, पण ते मागे गेले आणि भट्टीच्या पत्र्याला पाठ लावून बायकांच्या बाकावर बसले. दोन्ही हातांनी पुढचा गज धरला. गळ्यातलं लिंग सदऱ्याबाहेर काढून एकदा डोळ्यांना लावलं.

दोर नव्हता, कुणी धरायला नव्हतं. मोटार सुटली. अव्वानं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं उठली. मोटार निम्म्या उतारावर थांबली, पुन्हा सुटली, पुन्हा थांबली, आणि फरशीच्या आधी चार हातांवर उभी राहिली. आप्पांनी हातानं खूण केली. मोटार वर आली आणि पुन्हा उतरली. असं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा ती वर आल्यावर ते खाली उतरले. बांधावर बसून ओकले, फेट्यानं तोंड पुसलं. मग माझ्याजवळ आले, लेकीच्या कपाळाला अंगठा लावला आणि म्हणाले, "जा आता, माय. म्या सगळीकडं बघितलं. कोनी न्हाई त्यात."

अव्वा आधी चढली. मी लेकीला घेऊन तिच्या शेजारी बसले, आप्पा बसले होते त्याच जागेवर.